गच्चीवरचं एसी युनिट निवडताना

कॉलेज रोडवरची शोरूम असो वा सातपूरचं ऑफिस, नुसत्या चौरस फुटांवरून टनेज (एसीची गार करण्याची क्षमता) ठरवू नका. पश्चिमेची काच, तापलेला स्लॅब, माणसं, दिवे, बाहेरून घ्यायची ताजी हवा, सगळं धरून हीट लोड, म्हणजे एसीला बाहेर काढावी लागणारी एकूण उष्णता, काढून घ्या. १ टन म्हणजे ३.५ किलोवॅट, आणि टनामागे साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा. कॅटलॉगमधली क्षमता बहुधा बाहेर ३५ अंश धरून दिलेली असते. नाशिकचा उन्हाळा ४० गाठतो, तेव्हा त्या तापमानाचा आकडा मागाच.

‘थोडं मोठंच घेऊ’ हा मोह टाळा. मोठं युनिट झटपट गार करून बंद होतं, ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात खोली गार पण दमट राहते. इथल्या थंडीला हीट पंप (तेच युनिट उलटं चालवून खोली गरम करणारी सोय) पुरतो.

ड्रेनकडे, म्हणजे एसीतलं पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाकडे, मात्र नीट बघा. ब्लोअर (आतला पंखा) गार कॉइलमधून हवा ओढतो, त्या ओढीने ट्रेतलं पाणी पाइपात उतरत नाही, साचतं आणि फॉल्स सीलिंगवर टपकतं. त्यासाठी यू-ट्रॅप (पाणी धरून हवेची वाट अडवणारं पाइपाचं यू आकाराचं वळण) हवाच. सुरू करण्याआधी तो पाण्याने भरा. स्लॅबवरचा भार स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासल्याशिवाय क्रेन बोलावू नका.