लाकडी फ्लोअरिंग: पट्ट्या कुठल्या दिशेला टाकायच्या?

माल घरात येऊन पडला की मग वाद सुरू होतो, पट्ट्या उभ्या की आडव्या, त्यापेक्षा ऑर्डर द्यायच्या आधीच ठरवून टाका.

पहिलं बघा खाली काय आहे. मुंबईच्या बहुतेक फ्लॅटमध्ये आरसीसी स्लॅब असतो, तिथे मजबुतीच्या दृष्टीने दिशेने काहीच अडत नाही. गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीत लाकडी तुळयांवर जमीन असेल तर मात्र पट्ट्या तुळयांना आडव्याच जायला हव्यात, तिथे आपली आवड बाजूला.

मग हॉलची लांब भिंत बघा आणि पट्ट्या तिला समांतर धरा, खोली लांब दिसते. उजेडही बघायचा, खिडकीतून ऊन येतं त्याच दिशेने पट्ट्या गेल्या तर जोडांच्या सावल्या दिसत नाहीत. आपल्याकडे हॉल लांबट आणि खिडकी टोकाला असंच बऱ्याचदा असतं, म्हणजे दोन्ही नियम आपोआप जुळतात. नाही जुळले आणि खोली चौकोनी असेल तर मी उजेडाचं ऐकेन. पॅसेजमध्ये मात्र लांबीलाच टाका, आडव्या टाकल्या तर चालताना शिडीवर पाय ठेवल्यासारखं वाटतं. पॅसेज नि हॉलची दिशा जुळत नसेल तर दारात जोड झाकणारी वेगळी पट्टी मारून तिथेच दिशा बदला.

आता पावसाळा. लाकूड लांबीला जवळजवळ फुगत नाही, रुंदीला फुगतं, त्यामुळे पट्ट्या ज्या बाजूला एकाशेजारी एक लागत जातात तिथल्या भिंतींकडे गॅप नीट सोडायला लावा, साधारण १० ते १२ मिमी, वरून स्कर्टिंग (भिंतीच्या तळाला लागणारी पट्टी) येतं त्यामुळे दिसत नाही. सुतार "कशाला सर, घट्ट बसवतो" म्हणेल, ऐकू नका, जुलैत फ्लोअर मधोमध उचलला जातो.

दिशा ठरली की रुंदीचा हिशोब करा. समजा खोली १२२ इंच, दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच गॅप, उरले १२१. पट्टी ५ इंची असेल तर २४ बसतात आणि शेवटी १ इंचाची चिंधी उरते, वाईट दिसते आणि टिकतही नाही. त्यापेक्षा पहिली आणि शेवटची ओळ ३-३ इंचाची कापा, मध्ये २३ पूर्ण.

तिरपं टाकायचा मोह होत असेल तर माल १५ टक्के जास्तीचा धरा, सरळला १० पुरतो. आणि चिकटवायच्या आधी चार-पाच ओळी नुसत्या मांडून सकाळी एकदा, संध्याकाळी लाइट लावून एकदा बघून घ्या.