रानमाशीची ओळख पटावी यासाठी फोटो कसे काढावेत

रानातल्या माशीचा एकच फोटो जाणकारांना दाखवला, तर त्यांना बहुधा कुळाच्या पुढे जाता येत नाही. त्यासाठी एकाच माशीचे तीन फोटो घ्यावेत.

१. पहिला वरून. कॅमेरा पंखाला समांतर धरावा, म्हणजे पंखावरच्या सगळ्या शिरा एकाच वेळी स्पष्ट येतात. हा फोटो सर्वांत मोलाचा, कारण माश्यांची कुळे आणि प्रजाती बऱ्याच अंशी शिरांच्या रचनेवरूनच वेगळ्या करता येतात. उदाहरणार्थ, मधमाशी किंवा गांधीलमाशीसारख्या दिसणाऱ्या होव्हरफ्लायच्या पंखात मध्यावर एक जादा शीर असते, जी टोकांना इतर शिरांना न जुळता मोकळीच राहते.

२. दुसरा बाजूने. पायांचा रंग आणि छातीवरचे राठ केस त्यात दिसले पाहिजेत.

३. तिसरा समोरून, चेहऱ्याचा. शृंगिकांचा, म्हणजे डोक्यावरच्या मिशांसारख्या अवयवांचा, आकार येथेच कळतो. शिवाय अनेक जातींत नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले आणि मादीचे अलग असतात.

पहाटेच्या गारव्यात माश्या सुस्त असल्याने हे सारे फोटो निवांत मिळतात. पाठवताना तारीख, ठिकाण आणि माशी कोणत्या झाडावर होती हे आवर्जून लिहावे.

एक काळजी मात्र घ्यावी: अस्पष्ट फोटो मोबाइलमधील अ‍ॅपने रेखीव करून पाठवू नये, कारण अशी अ‍ॅप कधीकधी मुळात नसलेल्या रेषा निर्माण करतात आणि जाणकाराचीही दिशाभूल होते.