एकच सेंटरिंग, दोन घरं

कराड तालुक्यात मी घरं बांधते. सेंटरिंगचा (स्लॅब सुकेपर्यंत त्याला खालून पेलणाऱ्या फळ्या-टेकूंचा) संच एकच, हजार चौरस फुटी स्लॅबला पुरेल एवढा, आणि हातात कामं दोन. अशा वेळी कॅलेंडरपासून सुरुवात करू नका. आधी बघा, सगळं कशापायी अडतंय? माझ्याकडे अडतं जॅकपायी, म्हणजे स्लॅबखालच्या लोखंडी टेकूंपायी.

समजा, पहिल्या घराचा स्लॅब १ तारखेला टाकला. हॉलचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरहून मोठा, म्हणजे जॅक १४ दिवस हलवायचे नाहीत. (लहान गाळ्याला ७ दिवस पुरतात, पण ते ओपीसीला, म्हणजे साध्या सिमेंटला. पीपीसी, म्हणजे राख वगैरे मिसळलेलं सिमेंट असेल तर इंजिनिअरला विचारून वाढवा.) १५ला खोलायचं, १६ला दुसऱ्या साइटवर न्यायचं. सेंटरिंग ठोकायला ४ दिवस, सळई बांधायला २, लाइटच्या पाइपांना १. दुसरा स्लॅब २४ला. मालकाने कितीही घाई केली तरी आधी नाही.

जॅक उभे असताना आत वीटकाम होत नाही, म्हणून गवंडी २ तारखेलाच दुसऱ्या साइटवर. तिथे कॉलम १२, त्यांच्या पेट्या (साचे) ४. आज चार भरले की उद्या पेट्या खोलून पुढच्या चारांना लावायच्या, परवा भरायच्या. सहा दिवसांत कॉलम उरकतात. पहिल्या घरी पाणी मारायला एक बिगारी ठेवते. स्लॅबवर पाणी साठायला छोटे बांध घालून आळी केलेली असतात. मी रोज सकाळी आळ्यात बोट बुडवते, पेरभर पाणी हवंच.

सिमेंट मात्र लवकर आणू नका. एका जूनमध्ये भाव बरा मिळाला म्हणून मी २०० गोण्या आधीच उतरवल्या. स्लॅब लांबला, शेडमध्ये ओल शिरली. खालच्या गोणीत हात घातला तर सुपारीएवढे खडे, बोटांनी चुरगळेनात. ३१ गोण्या बाद केल्या. पाच इंची हजार चौरस फुटी स्लॅबला एम-२० दर्जाच्या काँक्रीटसाठी सिमेंटच्या शंभरेक गोण्या लागतात, बीमच्या वेगळ्या. त्या आता २२ला येतात. फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर, दहाच्या वर थप्पी नाही. खडी आणि क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) आठवडाभर आधी आली तरी चालते.

२३ला संध्याकाळी गोण्या स्वतः मोजते, मिक्सरचं डिझेल बघते, व्हायब्रेटर चालवून बघते. दहा गोण्या जरी कमी निघाल्या, तरी स्लॅब २५ला.