घराभोवतीचं रान पाहायचं कसं

घराभोवती झाडी, ओढा किंवा पडीक माळ असेल, तर पहिलं काम बसायची जागा ठरवण्याचं. झाडीतून फिरत राहिलं की पळून जाणाऱ्यांच्या शेपट्या तेवढ्या दिसतात. एका जागी न हलता बसलं, तर बिचकलेली पाखरं साधारण पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा आपापल्या कामाला लागतात. सकाळी सूर्य पाठीशी हवा. ऊन समोरून आलं की प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. पाठीमागे भिंत, झुडूप किंवा जाड बुंधा असावा, म्हणजे आपली आकृती आकाशावर उठून दिसत नाही. आणि वारा समोरून आपल्याकडे यावा. पक्ष्यांना वासाचं फारसं सोयरसुतक नसतं, पण मुंगूस, कोल्हा, ससा हे आपल्याला बघण्याआधी आपला वास घेतात. ऊन आणि वारा दोन्ही बदलतात, म्हणून सकाळची एक आणि संध्याकाळची एक अशा दोन जागा ठेवलेल्या बऱ्या.

समोरचं दिसावं म्हणून झाड तोडू नका. बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येणाऱ्या तीन-चार फांद्या छाटल्या की पुरे. ज्या झाडावर पाखरं येऊन टेकणार, तेच तोडलं तर मोकळं झालेलं दृश्य रिकामंच राहतं. सूर्योदयानंतरचे दोन तास पक्ष्यांचे, ऊन तापलं की फुलपाखरांचे आणि चतुरांचे. भर दुपारी आपणही झोपावं.

दाण्यापेक्षा पाणी ठेवा. दाणे फक्त दाणे खाणाऱ्यांना बोलावतात, उरलेले कुजतात, त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. पाण्यावर मात्र किडे खाणारे, फळं खाणारे, मधमाश्या, सरडे असे सगळेच येतात. भांडं पसरट, 30 ते 45 सेंमी रुंद आणि खडबडीत तळाचं घ्या. कडेला पाणी 1-2 सेंमी आणि मधोमध 5 सेंमीच्या आत असावं. गुळगुळीत परातीत पाय घसरतात, मग पक्षी कडेवरून दोन घोट घेऊन उडून जातो, आंघोळीला उतरत नाही. खोल भांडंच हाताशी असेल तर मध्ये चपटा दगड ठेवा. त्याचा माथा पाण्याच्या जेमतेम वर राहू द्या. बुडणारा किडाही त्यावर चढून वाचतो.

भांडं झुडपापासून दोन-तीन मीटरवर हवं. अगदी खेटून ठेवलं तर मांजर झुडपात दबा धरून बसतं. फार उघड्यावर ठेवलं तर ओल्या पंखांनी पळून लपायला आसरा उरत नाही. भांड्यावर एक बाटली टांगा आणि तिच्या बुडाला सुईने भोक पाडा. झाकण घट्ट केलं की थेंब थांबतात, थोडं सैल केलं की सुरू होतात. पडणाऱ्या थेंबाच्या हालचालीने आणि आवाजाने पाखरांना पाण्याचा पत्ता लवकर लागतो. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दर दोन दिवसांनी पाणी ओतून भांडं ब्रशने घासा. साबण नको, तो पिसांवरच्या तेलाला मारक आहे. पहिल्या आठवड्यात कुणी फिरकलं नाही तरी भांडं इकडून तिकडे हलवू नका. जागा ओळखीची व्हायला वेळ लागतो.

दुर्बीण घ्यायची तर 8×42. यातला 8 म्हणजे किती पटीने मोठं दिसतं, आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. जास्त पटीची दुर्बीण भारी वाटते, पण हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो आणि दिसणारा पट्टा अरुंद होतो, त्यामुळे फांद्यांत हलणारा पक्षी सापडतच नाही. वापरण्याआधी एकदा डोळ्यांसाठी जुळवून घ्या: उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. कडी त्यानंतर हलवायची नाही. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी वाट्या आत दाबून ठेवा. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणा. खाली बघून दुर्बीण शोधायला गेलात की पक्षी हरवलाच.

रात्री कोण येऊन गेलं हे जमीन सांगते. वाटेवर किंवा पाण्याजवळ साधारण एक मीटर लांब-रुंद जागेत चाळलेली बारीक माती दीड-दोन सेंमी जाडीची पसरा, पाण्याचा हलका शिडकावा करा आणि संध्याकाळी फळीच्या कडेने सपाट करा. ठसे सकाळी लवकर बघा; तिरप्या उन्हात कडांची सावली पडते, तेच ऊन डोक्यावर आलं की ठसा पुसल्यासारखा होतो. मांजरकुळातल्या प्राण्यांच्या ठशात सहसा नखं उमटत नाहीत, कुत्रा आणि कोल्ह्याच्या ठशात उमटतात. मुंगसाला पाच बोटं. सशाचे मागचे लांब पाय पुढच्या पायांच्या पुढे पडलेले दिसतात, त्यामुळे तो कुठल्या दिशेने गेला याचा हमखास उलटा अंदाज बांधला जातो. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, नाहीतर नंतर आकाराचा काहीच बोध होत नाही.

अंधारात प्रत्यक्ष बघायचं तर दिवे मालवून अर्धा तास बसा. डोळ्यांना तेवढा वेळ लागतो. एकदा मोबाइल उघडला की हा सगळा वेळ पुन्हा पहिल्यापासून. वहीत काही टिपायला लाल, मंद उजेड चालतो. विजेरी गालाजवळ, डोळ्यांच्या पातळीत धरून गवतावरून फिरवली तर कोळ्यांचेसुद्धा डोळे चमकताना दिसतात. हात खाली असेल तर ते दिसत नाहीत, कारण चमक प्रकाश जिथून आला तिथेच परत जाते. घुबडाच्या तोंडावर झोत धरून ठेवू नका.

काचेच्या मोठ्या खिडक्यांत झाडांचं प्रतिबिंब पडतं आणि पाखरं वेगात येऊन आदळतात. ससाण्याचं एखादं चित्र चिकटवून उपयोग होत नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूने, सगळ्या काचभर, दर 5 सेंमीवर ठिपके काढा. उंदरांसाठी विष ठेवू नका. विष खाल्लेला सुस्त उंदीर घुबडाला सहज सापडतो आणि त्यापायी घुबडही मरतं. घरट्याजवळ रोज जाऊन डोकावलं तर मळलेल्या वाटेने आणि वासाने मांजर, मुंगूस तिथवर पोचतात.

जमिनीवर पिसं फुटलेलं, उड्या मारणारं पिल्लू दिसलं तर ते बहुधा उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्रं घरात घ्या, पिल्लू रस्त्यात किंवा उन्हात असेल तर जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब जाऊन बघा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकून देत नाहीत.