सर्क्युलेटिंग सब उघडत नाही? आधी पंपाकडे बघा

मुंबई हायमधून 1976 पासून तेल निघतंय. इतक्या वर्षांत तिथल्या चुनखडीतला दाब बराच उतरलाय, त्यामुळे ड्रिलिंग करताना मड लॉस (पाइपमधून खाली पंप केलेला चिखल खडकात मुरून जाणं) पाचवीला पुजलेला. म्हणूनच एमडब्ल्यूडीच्या (ड्रिलिंग चालू असताना मोजमाप करणारं टूल) वर सर्क्युलेटिंग सब, म्हणजे बाजूला पोर्ट असलेला पाइपचा तुकडा, लावतात. पाइपमधून टाकलेला बॉल सबमधल्या सीटवर बसला, दाब चढला, की स्लीव्ह सरकते आणि बाजूचे पोर्ट उघडतात. भरड एलसीएम (गळती बुजवणारा माल) तिथूनच बाहेर पडतं, खालची एमडब्ल्यूडी आणि बिट फिरवणारी मोटर चोक होत नाहीत.

इतकं साधं टूल, तरी दर वेळी तेच गोंधळ.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते बॉल सोडल्यावर पंप तसाच फुल ठेवणाऱ्यांमुळे. बॉल नुसता पोचून चालत नाही, हळू पोचावा लागतो. एका रिगवर लॉस सुरू होता, पिल (एलसीएम मिसळलेला मड) टाकीत तयार होती. नव्या इंजिनिअरने बॉल टाकला आणि पंपाचा वेग काही उतरवला नाही. थोड्या वेळाने, "सर, बॉल कुठेतरी अडकलाय, दुसरा टाकूया का?" ड्रिलरही घाईत, म्हणाला टाक. मग तिसरा. मड लॉगिंगच्या चार्टवर प्रत्येक बॉलच्या वेळी दाबाची एक बारीक सुई उठलेली होती, पण ती बघायला सवड कुणाला? स्ट्रिंग (विहिरीतली सगळी पाइपची माळ) बाहेर काढून बॉल कॅचर (सीटमधून पार झालेले बॉल झेलणारा भाग) उघडला तर तिन्ही बॉल आत, प्रत्येकाच्या अंगावर सीटची गोल खूण उमटलेली. सीटवर आदळून थेट पार झाले होते. पोर्ट बंदच, आणि ट्रिप फुकट गेली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

बॉल कधी पोचेल याचा हिशोब अवघड नाही. 5 इंची, 19.5 पौंडी ड्रिल पाइपमध्ये 3000 मीटरला साधारण 175 बॅरल मड मावतो. साडेसहा इंची लायनर (पिस्टनची नळी) आणि 12 इंची स्ट्रोकच्या ट्रिप्लेक्स (तीन पिस्टनच्या) पंपाचा एक स्ट्रोक सुमारे 0.12 बॅरल, म्हणजे साडेचौदाशे स्ट्रोकच्या आसपास. उभ्या विहिरीत जड बॉल मडच्या पुढे धावतो, म्हणून मी बरंच आधी पंपाचा वेग उतरवतो. आडव्या भागात उलट: तिथे तो आपोआप सरकत नाही, पंपानेच ढकलावा लागतो. उतरवलेल्या वेगाचा स्टँडपाइप प्रेशर (वर रिगवर दिसणारा मडचा दाब) बॉल टाकण्याआधीच वहीत लिहून ठेवतो. नंतर त्याच वेगाला तो खाली आला, तरच सब उघडला असं मानतो. "उघडला असेल" म्हणणाऱ्याच्या हाती मी पिल देत नाही.

दुसरी चूक डेकवरच होते. ड्रिल पाइपचा आतला व्यास बघतात, आणि मधला क्रॉसओव्हर (दोन वेगळ्या जोडांचे पाइप जोडणारा तुकडा) विसरतात. सबच्या वर जे जे आहे (जार, हेवीवेट, क्रॉसओव्हर) त्यातून सगळ्यात मोठा बॉल सहज गेला पाहिजे. मी कॅलिपर दुसऱ्याकडे देत नाही. कागदावरच्या आकड्यापेक्षा आरपार गेलेला रॅबिट (पाइपमधून सरकवून बघायचा मापाचा ठोकळा) खरा. फ्लोट व्हॉल्व्ह (मड पाइपमध्ये उलटा वर येऊ न देणारी झडप) सबच्या खालीच हवा.

सब उघडा असताना स्ट्रिंग एका जागी उभी ठेवू नका. पोर्टमधून येणारी धार विहिरीची भिंत खाते, आणि सबच्या खाली प्रवाह जवळजवळ नसल्याने कटिंग्ज (खडकाचा चुरा) बिटभोवती बसतात. वरखाली करत राहा.

पोर्ट उघडे म्हणजे खालच्या फ्लोटचं संरक्षण गेलं. टीआयडब्ल्यू व्हॉल्व्ह (पाइपचं वरचं तोंड बंद करणारी झडप) आणि त्याची किल्ली रिग फ्लोअरवर हाताशी हवी, स्टोअरमध्ये नको.

तापलेल्या विहिरीत प्लास्टिकचा बॉल मऊ पडतो. त्याची तापमानाची मर्यादा आधी वाचा.

आणि सब बंद करायचे बॉल? ते फ्लोअरवर मोजून ठेवल्याशिवाय उघडायचा बॉल मी कुणाला टाकू देत नाही. कॅचरमध्ये किती जागा उरलीय तेही त्याच पानावर लिहायचं, कारण तो भरला की पुढचा बॉल टाकून काहीच होत नाही.