दातांमधून जागा काढताना: इनॅमल किती आणि कसं घासावं

दाटीवाटीने वेडेवाकडे आलेले दात ओळीत बसवायला दंतवैद्य शेजारशेजारच्या दातांच्या कडांचं इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, थोडं घासून जागा करतात. आधी हिशेब. दातांच्या साच्यावर (मॉडेल) किंवा स्कॅनवर दातांची रुंदी मोजून किती मिलिमीटर जागा कमी पडते ते काढा. अंदाजाने घासू नका, कारण गेलेलं इनॅमल परत येत नाही. खालच्या पुढच्या दातांचं इनॅमल पातळ असतं, तिथे एका बाजूने ०.२५ मिमीच्या आत राहा. दाढांकडे एका फटीत दोन्ही बाजू मिळून ०.५ मिमीपर्यंत चालतं.

दात फिरलेला असेल तर थांबा. आधी तारेने सरळ करा, नाहीतर चुकीचा पृष्ठभाग सपाट होतो आणि पुढे दात नीट टेकतच नाहीत. फट घट्ट असल्यास काही दिवस आधी सेपरेटर (दात किंचित दूर सारणारं छोटं रबरी कडं) घाला.

हिऱ्याची पट्टी (हिऱ्याचे बारीक कण लावलेली घासपट्टी) हिरडीपासून वर, दाताच्या गोलाईने फिरवा. बर (यंत्रावर फिरणारं घासायचं टोक) वापरलात तर पाणी सुरूच ठेवा आणि हिरडीजवळ पायरी राहिली नाही ना, ते प्रोबने (टोकदार सळीने) तपासा. त्या पायरीतच अन्न अडकतं. दर थोड्या वेळाने गेज (फटीची रुंदी मोजायची पातळ पट्टी) घालून मोजा.

शेवटी बारीक पट्ट्यांनी गुळगुळीत करा, फ्लोराइड वार्निश लावा. हे टाळण्याचा मोह होतो, पण खरखरीत इनॅमलवर प्लाक (जंतूंचा चिकट थर) पटकन साचतो. तोंडात सक्रिय कीड असेल तर घासूच नका.