किल्ली सोडली की इंजिन बंद: १९७० ची डॉज चॅलेंजर

किल्ली ‘स्टार्ट’ला धरली की इंजिन लगेच पेटायचं. बोटं सैल पडून ती ‘रन’वर आली की त्याच क्षणी बंद. मिशिगनमध्ये चार वर्षं खपून उभी केलेली ही ३८३ घनइंची व्ही-८ इंजिनाची गाडी, विकायला काढलेली, आणि घेणारा समोर असताना हे होऊ लागलं. अगदी रडकुंडीला आलो. कार्बोरेटर उघडला, पॉइंट्स-कंडेन्सर (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे भाग) बदलले, इग्निशन स्विचही नवा घातला. फरक शून्य.

दोष बॅलास्ट रेझिस्टरचा होता, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या कॉइलकडे जाणारी वीज कमी करणाऱ्या रोधकाचा. स्टार्टर फिरताना कॉइलला वीज थेट मिळते, ‘रन’वर मात्र याच रेझिस्टरमधून. तो तुटला की ‘रन’वर कॉइलची वीज बंद.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्यावर बोटभर लांबीचा पांढरा चिनी मातीचा तुकडा दिसेल. त्याच्या दोन्ही वायरी काढून मल्टिमीटर ओहमवर लावा. साधारण अर्धा ओहम यायला हवा; माझ्याकडे काटा हललाच नाही. उलटा केला तर आतली तार केसासारखी तुटलेली, कडा काळ्या पडलेल्या. वायरींची टोकं पॉलिश पेपरने घासा, त्याच मापाचा रेझिस्टर बसवा, स्क्रू घट्ट आवळा, बॅटरी शेवटी जोडा.

रेझिस्टर वगळून साधी वायर कायमची जोडू नका, पॉइंट्स जळतात. आणि नवा रेझिस्टर चालताना चांगलाच तापतो, तो बिघाड नव्हे. एक जादा डिकीत ठेवलाय, गाडीबरोबरच देणार आहे.